निसटते विजय किती टिकतात?

2012 साली बाल्टिमोर ओरिओल्स धडाधड जिंकू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या बेसबॉलशौकिनांत दोन तट पडले. त्याआधीची सलग 14 वर्षं या संघाच्या पदरी विजयांपेक्षा पराभवच जास्त होते. हा जोर टिकणार का?

शंकेखोरांनी धावांचा हिशेब पुढे केला. काढलेल्या धावांच्या वर्गाला, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागलं, की विजयांचं अपेक्षित प्रमाण मिळतं. हे सूत्र बिल जेम्स या विश्लेषकाचं. ओरिओल्सनी काढल्या 712 धावा, दिल्या 705. म्हणजे 162 सामन्यांत साधारण 82 विजय. प्रत्यक्षात मिळाले 93. कारण एका धावेने निकाल लागलेल्या 38 सामन्यांपैकी 29 त्यांनी खिशात घातले.

समर्थक म्हणत, शेवटच्या डावांत चेंडू फेकणारे भरवशाचे असले की असे सामने जिंकता येतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. 2013मध्ये अशा 51 सामन्यांपैकी 20च हाती लागले आणि एकूण विजय 85वर घसरले. 2014मध्ये मात्र संघाने 96 सामने जिंकून आपल्या गटात बाजी मारली. या खेपेला धावांचं पारडंही शंभराहून जास्त धावांनी जड होतं.