पालखीला खांदे किती?

टेस्ला मॉडेल एसच्या सुरुवातीच्या ८५ किलोवॅट-अवर बॅटरी पॅकमध्ये ७,१०४ सेल असत. एकेक सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असत त्याच मापाचा. सपाट रस्त्यावर ताशी नव्वदच्या आसपास ही दोन टनांची गाडी साधारण १५ किलोवॅट ओढते. भागाकार करून बघा. एका सेलच्या वाट्याला येतात जेमतेम २ वॅट!

आता २०१० साली आलेली पहिली निसान लीफ घ्या. तिचा पॅक २४ किलोवॅट-अवरचा, सेल अवघे १९२. तेवढेच १५ किलोवॅट तिने ओढले तर प्रत्येक सेलला ७८ वॅट द्यावे लागतात. अर्थात लीफचा सेल कुवतीनेही दसपट मोठा. म्हणून नुसती डोकी मोजून चालत नाही. कुवतीच्या मानाने भार किती, ते बघावं लागतं. या मापाला ‘सी-रेट’ म्हणतात. तासाभरात पूर्ण रिकामा होईल अशा वेगाने सेल वापरला, तर तो १ सी. आपल्या हिशेबात मॉडेल एसचे सेल ०.२ सीच्या खालीच राहतात, लीफचे ०.६ सीच्या वर जातात.

इथवर सगळं सरळ त्रैराशिक आहे. खरी गंमत पुढे आहे. चार भोयांची पालखी आठ जणांनी उचलली, तर प्रत्येकाच्या खांद्यावरचं वजन निम्मं होतं. सेलवरचा भार मात्र निम्मा झाला की त्याची दमणूक चौथाईवर येते. कारण सेलच्या अंतर्गत रोधामुळे तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समांतर जोडलेले सेल दुप्पट करा, प्रत्येकातला प्रवाह निम्मा होईल आणि प्रत्येकाची उष्णता पाव. सेल दुप्पट असूनही अख्ख्या पॅकची उष्णता निम्मीच! आणि उष्णता हा सेलचा मोठा वैरी.

दुसरा ताण अक्षरशः अंग ताणणारा आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि ग्रॅफाइट फुगतं. पूर्ण भरेपर्यंत त्याचं आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं; रिकामं होताना ते पुन्हा आक्रसतं. या हालचालीत त्याच्यावरचं नाजूक संरक्षक आवरण तडकतं, आणि तडा बुजवण्यात थोडं लिथियम कायमचं खर्ची पडतं. युनिटमागे ७ किलोमीटर धरले, तर लाख किलोमीटरसाठी २४ किलोवॅट-अवरच्या पॅकला सुमारे ६०० वेळा पूर्ण भरावं-रिकामं व्हावं लागतं. ४८च्या पॅकला ३०० वेळा.

फास्ट चार्जिंगचंही तेच. ५० किलोवॅटचा चार्जर छोट्या पॅकला २ सीने भरायला बघतो, ८५च्या पॅकला ०.६ सीने. गर्दी फार झाली, त्यातून थंडी असली, तर आयन आत शिरण्याऐवजी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. म्हणून गाडीतली बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम वेग आवरते.

मग छोटा पॅक म्हणजे सेलचे हालच का? तसं नाही. टाटांची टियागो ईव्ही दोन पॅकमध्ये आली : १९.२ आणि २४ किलोवॅट-अवर. छोट्या पॅकच्या गाडीची कमाल शक्ती ४५ किलोवॅट, मोठ्याची ५५. दोन्हीकडे भागाकार २.३ सीच्या आसपासच येतो! पॅक लहान झाला, तशी गाडीची भूकही लहान ठेवलेली आहे. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतल्या प्रियस हायब्रिडचा पॅक तर जेमतेम १.३ किलोवॅट-अवरचा, आणि त्यातून २१ किलोवॅट काढले जात. म्हणजे १६ सी! त्यातले निकेल-मेटल हायड्राइड सेल तरीही वर्षानुवर्षं टिकले, कारण गाडी त्यांना कधी काठोकाठ भरू देत नव्हती की तळाला जाऊ देत नव्हती.

मोठ्या पॅकलाही मोल मोजावं लागतंच. इथले भोई स्वतःही पालखीतच बसलेले असतात, त्यामुळे भोई वाढले की पालखीही जड होते. शिवाय गाडी नुसती उभी असली, तरी भर उन्हात काठोकाठ चार्ज राहिलेला सेल झिजतोच, मग पॅक केवढाही असो. म्हणून गाडी घेताना पॅकच्या आकड्याशेजारी मोटरचा आकडा आणि आपला रोजचा पल्ला मांडावा. शहरात रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला लहान पॅक पुरतो. रोज महामार्गावर धावून फास्ट चार्जरवर थांबणाऱ्याने मात्र जास्तीचे खांदे विकत घ्यावेत.