अठरावा नियम

चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला 'जरा गप्प बसा' असं सांगणारा सहसा भेटत नाही. मला भेटला. इथेच, ईस्ट कोस्टला, एका शनिवारी सकाळी. वय असेल जेमतेम अठरा-एकोणीस.

नातवाची मॅच होती, चौदा वर्षांखालच्या मुलांची. त्याच्या संघाचा गोल पंचाने ऑफसाइड ठरवला आणि मी रेषेबाहेरून ओरडलो. एकदा नाही, तीनदा. त्या पोराने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, चालत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "अंकल, प्लीज, दोन पावलं मागे. मुलांना माझी शिट्टी ऐकू यायला हवी." आवाज चढवला नाही, कपाळावर आठी नाही. मी मुकाट्याने मागे सरकलो. परतताना बसमध्ये नातू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आजोबा, पुढच्या शनिवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल."

ते लागलं. प्राध्यापकाला काही लागलं की तो वाचायला बसतो. मीही बसलो.

फुटबॉलचे नियम सतरा. त्यातला बारावा फाउल आणि गैरवर्तनाचा. पिवळं आणि लाल कार्ड ही कल्पना केन अ‍ॅस्टन या इंग्रज पंचाची. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कुणाला ताकीद मिळाली आणि कुणाला बाहेर काढलं, यावरून गोंधळ उडाला होता. त्यानंतर गाडी चालवताना ट्रॅफिक सिग्नल पाहून अ‍ॅस्टनना ही युक्ती सुचली. १९७०च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डं आली. २०१९पासून ती प्रशिक्षकांनाही दाखवता येतात. आजोबांना मात्र नाही! तिथे पंचाच्या मदतीला येतो तो फक्त त्याचा स्वभाव. म्हणूनच पंचमंडळी गमतीने एक अठरावा नियम सांगतात, 'कॉमन सेन्स'. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: तारतम्य.

छोट्या सामन्यांत या तारतम्याची खरी परीक्षा असते. तिथे व्हिडिओ नाही, पोलीस नाहीत, कित्येकदा रेषेवर झेंडा धरणाराही खेळणाऱ्या संघापैकीच कुणीतरी. अशा मैदानांवर मला तीन प्रकारचे पंच दिसले. पहिला, पाच मिनिटांतच पिवळं कार्ड काढून जरब बसवणारा. दुसरा, सतत बोलणारा: "आठ नंबर, पाहिलं मी, आता पुरे." तिसरा, शक्यतो खेळ चालू ठेवणारा. आपल्या शाळांतही हे तिघं होतेच की! मी पहिल्यातला होतो. पहिल्याच तासाला एखाद्याला वर्गाबाहेर काढलं की वर्ष शांततेत जातं, असा माझा हिशेब. पण जरब लवकर संपते. पाचव्या मिनिटाला कार्ड दाखवलं की साठाव्या मिनिटाला तशाच चुकीला तेच करावं लागतं, नाहीतर पक्षपाताचा आरोप ठरलेला.

आणि आपल्या ओरडण्याने काय बिघडतं? २००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० पंचांना एकाच सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. हे शिकलेसवरलेले पंच होते. मग अठरा वर्षांच्या पोरावर आपल्या आवाजाचं किती ओझं पडत असेल?

आपल्यातल्या कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारसारख्या तालमींचे संघ भिडतात, तेव्हा ईर्षा पेठेपेठेची असते. तिथे शिट्टी तोंडात धरायलाही छाती लागते.

याच सिंगापूरने जगाला मोठे पंच दिलेत. १९७४च्या विश्वचषकात पोलंड-हैती सामन्याचे पंच होते इथले जॉर्ज सुप्पय्या. २००६मध्ये शम्सुल मैदिन यांनी तीन सामने सांभाळले. त्रिनिदाद-स्वीडन सामन्यात उत्तरार्ध सुरू होताहोताच त्यांनी त्रिनिदादच्या खेळाडूला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर पाठवलं. असे पंच आभाळातून पडत नाहीत. लहान मैदानांवरच्या शिव्या खाऊन जे टिकतात, त्यांच्यातूनच ते घडतात. जे टिकत नाहीत, त्यांची नावं कुठेच नोंदली जात नाहीत.

इंग्लंडने २०१९पासून हौशी सामन्यांत एक शहाणा उपाय आणला: पंचाशी हुज्जत घातली की दहा मिनिटं बाहेर बसायचं, मग परत खेळायचं. आधीच्या चाचण्यांत हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं होतं. शिक्षा छोटी, पण ती लगेच मिळते आणि परतीची वाट उघडी ठेवते. वर्गात मला हे सुचलं असतं तर काही विद्यार्थी आज मला वेगळ्या नजरेने आठवत असते.

दोन शनिवार मी घरीच बसलो. तिसऱ्या शनिवारी नातवाची परवानगी काढून गेलो आणि मागेच उभा राहिलो. मध्येच विजेच्या धोक्याचा सायरन वाजला. मिनिटभरात मैदान रिकामं! सायरनशी कुणी वाद घातला नाही. शेडखाली तोच पंच पाणी पीत उभा होता. मी त्याची माफी मागितली. तो हसला. "कार्ड कधी दाखवतोस?" मी विचारलं. म्हणाला, "आधी खेळाडूशी बोलतो, मग कॅप्टनशी. तरी ऐकलं नाही, तर कार्ड."

तुम्हीही दर शनिवारी मुला-नातवंडांना घेऊन अशा मैदानांवर जाता. पुढच्या वेळी दोन पावलं मागे उभे राहा आणि सामना संपल्यावर त्या शिट्टीवाल्याला 'थँक्यू' म्हणा. माझा नातू आता मला मॅचला चला म्हणतो. एकच अट असते, पाण्याची बाटली मी धरायची आणि तोंड बंद ठेवायचं.