सौर बंबाचे पाणी थंड का?

शिरूर हे गाव घोडनदीच्या काठी आहे आणि दौंड भीमा नदीच्या काठी. पुणे जिल्ह्यातील या दोन्ही तालुक्यांत पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर. उन्हाळा कडक असतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडीही चांगलीच बोचते. अशा वेळी अंघोळीला गरम पाणी हवेच.

पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब असे. त्याच्या मधल्या नळीत लाकडे किंवा कोळसे पेटवत. नळीभोवतीचे पाणी तापे. विस्तव विझला, की पाणी निवते, हे डोळ्यांना दिसत असे. आता अनेक घरांच्या गच्चीवर सौर बंब असतो. लोक त्याला नुसते ‘सोलर’ म्हणतात. त्याला सरपण लागत नाही आणि धूरही होत नाही. पण कधी कधी लख्ख ऊन पडूनही नळाला थंड पाणी येते. घरातील वृद्धांची आणि लहान मुलांची पंचाईत होते. कोणी म्हणते, “सोलर गेला, आता नवा घ्या.” नवा घ्यायचा म्हणजे हजारो रुपयांचा खर्च! तो करण्याआधी पाणी कोठे अडले, ते शोधू या.

सौर बंबाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग तापक. तो दक्षिणेकडे तोंड करून तिरपा ठेवतात. त्यात काचेखाली काळा पत्रा व नळ्या असतात. काही बंबांत काचेच्याच नळ्या असतात. दुसरा भाग म्हणजे तापकाच्या वर बसवलेली टाकी. उन्हाने तापलेले पाणी हलके होते व वर टाकीत चढते. टाकीच्या तळाचे थंड, जड पाणी खाली तापकात उतरते. ही फेरी दिवसभर चालते. तिला पंप लागत नाही. टाकीभोवती जाड आवरण असते. त्यामुळे दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गरम राहते. तापक उन्हात आणि टाकी आवरणात ठेवण्याची ही युक्ती अमेरिकेतील विल्यम बेली यांनी १९०९ साली वापरात आणली.

आता तपासणी सुरू करू. आधी ऊन पाहा. तापकाच्या काचेवर धुळीचा थर बसला आहे का? शेजारच्या झाडाची किंवा नव्या भिंतीची सावली पडते का? काच पहाटे, ती थंड असताना पुसावी.

मग घरातील वापर पाहा. टाकीतून जेवढे गरम पाणी काढाल, तेवढेच थंड पाणी आत येते. रात्री सगळ्यांनी अंघोळी केल्या, तर सकाळी पाणी कोमट मिळणारच. यात बंबाचा काही दोष नाही.

ऊन आहे, वापरही बेताचा आहे, तरी पाणी थंड येते. मग घरातील दुसरा नळ सोडून पाहा. एकाच नळाला थंड पाणी येत असेल, तर दोष त्या नळाचा आहे. गरम आणि थंड पाणी एकत्र करणारा नळ खराब झाला, तर थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरते.

सगळ्याच नळांना गरम पाणी कमी येत असेल, नळ फुरफुरत असेल, तर पाइपात हवा अडकली असावी. गावाचा पाणीपुरवठा बंद पडून गच्चीवरची टाकी रिकामी झाली, की पाइपात हवा शिरते. पाइपाचे वळण मध्येच उंच असेल, तर हवा तेथे अडून बसते आणि पाण्याची वाट रोखते. बंबाच्या टाकीवर हवा व वाफ बाहेर जाण्यासाठी एक उभी नळी असते. तिचे तोंड मोकळे असले पाहिजे.

हवेची ही खोडी जगभर चालते. इंग्लंडसारख्या थंड देशांत खोल्या उबदार ठेवण्यासाठी भिंतीजवळ रेडिएटर बसवतात. त्यांतून गरम पाणी फिरते. रेडिएटर खाली गरम आणि वर थंड लागला, तर वर हवा साचली आहे, असे लोक ओळखतात. लहानशी किल्ली फिरवून ती हवा सोडली, की रेडिएटर पुन्हा तापतो.

आणखी एक कारण आहे. बोअरचे पाणी पुष्कळदा जड, म्हणजे क्षारांचे असते. ते तापवलेल्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तसाच थर तापकाच्या नळ्यांतही बसतो. नळ्या अरुंद होतात आणि पाण्याची फेरी मंदावते. पाणी एकदम थंड होत नाही. वर्षागणिक कमी कमी तापू लागते. हा थर औषध घालून काढावा लागतो. ते काम जाणत्या कारागिराचेच आहे.

काही गोष्टींची काळजी घ्या. गच्चीवर एकटे जाऊ नका. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त तापते. त्याने अंग भाजते. रिकामा तापक भर उन्हात थंड पाण्याने भरू नका. काचेच्या नळ्या तडकतात. हे काम पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर बऱ्याच वेळाने करावे. टाकीत विजेचा हीटर असेल, तर हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही, तर कारागिराला बोलवा. पाणी केव्हापासून थंड येते, कोणत्या नळाला येते, टाकी कधी रिकामी झाली होती, हे त्याला नीट सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही वाचतील.