उंबऱ्यावरून होडी

मे २०२४ मधला तो फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. भेगाळलेला गाळ, मधोमध पळसनाथाचं देऊळ आणि डाव्या कडेला पाठमोरे उभे एक आजोबा. ते फ्रेममध्ये आले तेव्हा मी मनातल्या मनात चरफडलो होतो. आता त्या फोटोत माझी नजर त्यांच्यावरच जाते.

परवा बारामतीहून भिगवणमार्गे पुन्हा पळसदेवला गेलो. पुणे-सोलापूर महामार्गावर लागतं ते नवं गाव. जुनं गाव उजनीच्या फुगवट्यात गेलं. १९८० साली पूर्ण झालेलं धरण तिकडे माढा तालुक्यात, भीमेचं पाणी चढलं इकडे इंदापुरात. सुमारे ११७ टीएमसी साठा, त्यातला निम्म्याहून अधिक मृत. तो उपसायला लागलं की इथले लोक म्हणतात, 'धरण मायनसमध्ये गेलं.' २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि देवळापर्यंत चालत जाता आलं.

दगडी देऊळ, वर विटांचं शिखर, भोवती वीरगळ, पायाखाली शिंपले. पाणी मागे हटेल तसे शेतकरी पाइप आणि केबल जोडत मोटारी त्याच्या मागे नेत होते. हौशी लोक सेल्फी काढत होते. मीही त्यांच्यातलाच, कॅमेरा जरा मोठा एवढंच.

"देवळाचा काढताय होय?" आजोबांनी विचारलं. "काढा. आमचा उंबरा हितं होता." पायानं त्यांनी गाळ सारला. खाली घडीव दगड निघाला. "देव नेला वर, नव्या गावात. उंबरा कोण नेतंय?"

ऑगस्टमध्ये धरण भरलं.

या वेळी होडीनं गेलो. शिखराचा वरचा भाग तेवढा बाहेर, त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. रोहित दिसले नाहीत. त्यांना उथळ पाणी लागतं. धरण तुडुंब असलं की कुंभारगावच्या नावाड्यांनाही त्यांची वाट बघावी लागते. अंदाजानं फोटोच्या जागी होडी थांबवली. नावाड्यानं काठी सोडली, पार मुठीपर्यंत. तळ लागला नाही.

पिशवीतून फोटो काढून त्याला दाखवला. पोरगा विशी-बाविशीचा, जुनं गाव त्यानं फक्त उन्हाळ्यात पाहिलेलं.

"हे कोण?"

मला नाव सांगता आलं नाही. उंबऱ्याची गोष्ट ऐकली, नाव विचारायचं राहिलं.

"आजी वळखंल," म्हणत त्यानं मोबाइल काढला. "तिला देवळाचं काय नसतं. कुणाचं घर कुठं, आडाला वाट कुठून, तेच सांगत बसती."

होडी डुलत होती, फोटो हलत होता. दोनदा काढला, मग तिसऱ्यांदा. देऊळ बाजूला ठेवून त्यानं फक्त आजोबांची पाठ आणि पायाजवळचा दगड घेतला.