पोरीला पियानो शिकायचाय, पण ठेवायचा कुठे?

ठाकुर्ली पूर्वेच्या एका चाळीतली ही गोष्ट. खोली दहा बाय बाराची. त्यात पलंग, कपाट, शिलाई मशीन, मोरी आणि भिंतीवर तथागत व बाबासाहेब यांच्या तसबिरी. वडील सुरक्षारक्षक, आई चार घरच्या पोळ्या करते. नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली आणि दप्तर खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "पप्पा, मला पियानो शिकायचाय. बाई म्हणाल्या, घरी सरावाला वाद्य पाहिजे."

वडील गप्प. आईने गॅस बारीक केला. आजी मात्र पटकन बोलून गेली, "अगं बाई, ते साहेबाचं वाद्य. आपल्याला काय करायचंय त्याचं?"

आजीच्या मनात काही वाईट नव्हते. तिचे मालक रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये कोळशाच्या कामावर होते. त्या पॉवर हाऊसच्या विजेवर रेल्वेगाड्या धावत. ब्रिटिश अमदानीत रेल्वेच्या मोठ्या वसाहतींत साहेब लोकांसाठी इन्स्टिट्यूट असत आणि नाचगाण्यासाठी तिथे पियानो असे. कोळसा ओढणाऱ्याने तो फार तर खिडकीतून पाहायचा. पॉवर हाऊस बंद पडूनही आता खूप वर्षे झाली. पण "आपल्याला काय करायचंय" हे वाक्य अजून आपल्या घराघरांत जिवंत आहे. वाद्याच्या किमतीआधी त्या वाक्याचा हिशेब करावा लागेल.

कोणी कोणते वाद्य वाजवायचे हेसुद्धा या देशात जातीने ठरवले होते. गावगाड्यात लग्नकार्याला, जत्रेला, पाटलाच्या दारात वाजवायचे ते आपण. मांडवात बसून ऐकायचे ते दुसऱ्यांनी. हातात कला होती, पण तिला मोल नव्हते. मिळायची ती भाकरी. म्हणून १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसे हे सक्तीचे वाजवणेही सोडले. त्यासाठी बहिष्कार सोसले. वाद्याशी वैर नव्हते, वैर गुलामीशी होते. त्याच्या आधीच, १९३० च्या दशकात, भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तीच ढोलकी, तेच तुणतुणे आणि पेटी हाती घेऊन बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला होता. पुढे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी ती परंपरा कुठवर नेली हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. स्वतः बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते. घटना लिहिणारा माणूस साठीच्या घरात असताना हाती गज धरून सारेगम घोटतो, हे चित्र आपण आपल्या मुलांना पुरेसे दाखवत नाही असे मला वाटते.

आणि पेटी तरी आपली कुठे होती? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ याने १८४० च्या सुमारास घेतले. ती पायाने भाता मारायची पेटी. पुढे कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसला आणि ती जमिनीवर मांडी घालून वाजवणाऱ्यांची झाली. परकीय म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तोवर ती भजनात, तमाशात आणि जलशात कधीच मुरली होती. वाद्य वाजवणाऱ्याचे होते, ते असे.

आता पियानो. ज्याला खरा पियानो म्हणतात, त्यात ८८ पट्ट्या असतात: ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पट्टी दाबली की आत लोकरी नमद्याची हातोडी उडून तारेवर आदळते. एकेका सुराला एक, दोन किंवा तीन तारा; सगळ्या मिळून सव्वादोनशेच्या आसपास. त्या तारांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. म्हणून भिंतीला लावायचा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या पुढे भरतो. चाळीच्या लाकडी जिन्यावरून तो चढवायचा विचारही करू नये.

शिवाय आपली हवा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, तारा गंजतात, नमद्याला कसर लागते, सूर हलतात. पूर्वी मुंबईत पियानोच्या पोटात ओल मारण्यासाठी छोटा बल्ब लावून ठेवत. वर्षातून दोनदा तरी जाणकार बोलावून तो सुरात लावून घ्यावा लागतो. त्यामुळे कोणी म्हणाले, "जुना पियानो आहे, फुकट घेऊन जा", तर हुरळून जाऊ नका. उचलायचा टेम्पो आणि हमाल, दुरुस्ती आणि ट्यूनर यांचा खर्च मिळून ते फुकटचे बरेच महाग पडते. तारा गुंडाळलेल्या खुंट्या सैल झाल्या असतील किंवा वाळवी लागली असेल, तर तो पियानो म्हणजे निव्वळ लाकडाचे कपाट.

नवा उभा पियानो काही लाखांच्या घरात जातो. तो विषय इथेच संपवू.

आपल्या घरात येऊ शकतात ती दोन वाद्ये. पहिले कीबोर्ड, म्हणजे जयंतीच्या ऑर्केस्ट्रात उभ्या स्टँडवर असते ते. आपली माणसे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. दुसरे डिजिटल पियानो. दोन्ही विजेची, पण फरक मोठा आहे. कीबोर्डला बहुधा ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, पट्ट्या हलक्या. डिजिटल पियानोला ८८ पट्ट्या आणि त्या वजनदार, खऱ्या पियानोसारखा बोटाला जोर लावायला लावणाऱ्या. त्याचे वजन दहा-बारा किलो, म्हणजे तो पलंगावर ठेवता येतो आणि रात्री कपाटाच्या फटीत उभाही करता येतो. किंमत मात्र साधारण चाळीस हजारांच्या आसपास सुरू होते. कीबोर्ड त्याच्या चौथाईपासून अर्ध्या किमतीत मिळतो.

इथे आईवडिलांची फसगत होते ती दुकानात नव्हे, क्लासमध्ये. पाटी पियानोची असते आणि आत शिकवतात कीबोर्ड. कीबोर्डमध्ये उजवा हात चाल वाजवतो, डाव्याने नुसते कॉर्ड धरायचे, ठेका यंत्र देते. पियानोत दोन्ही हातांना वेगवेगळे काम असते आणि ठेका वाजवणाऱ्याच्या अंगात असावा लागतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडेही होतात. त्यात पियानोचा आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा अभ्यासक्रम निरनिराळा आहे. म्हणून पैसे भरण्याआधी बाईंना सरळ विचारा: आपण यांतले नेमके काय शिकवता? पहिले वर्ष कोणत्या वाद्यावर चालेल? विचारायला लाजायचे कारण नाही. फी आपण मोजतो.

उत्तर "पियानो" असेल तर माझे मत असे. पहिल्या सहा-आठ महिन्यांना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, पण तीन गोष्टी बघून घ्या. पट्ट्या पूर्ण आकाराच्या हव्यात, खेळण्यातल्यासारख्या बारीक नकोत. हळू दाबले तर हळू आणि जोरात दाबले तर जोरात वाजले पाहिजे. याला दुकानात टच रिस्पॉन्स म्हणतात. स्वस्तातल्या पुष्कळ कीबोर्डांत हे नसते आणि तिथेच पोराचा हात बिघडतो. आणि हेडफोनचे भोक हवे. पाचशे प्रकारचे आवाज, दोनशे ठेके, लुकलुकणारे दिवे यांना भुलू नका; त्याचे पैसे आपल्याकडूनच घेतात.

भाड्याने मिळत असेल तर आधी भाड्यानेच घ्या. मूल आहे, दोन महिन्यांत कंटाळेलही. तो त्याचा गुन्हा नव्हे. भाडे ठरवताना डिपॉझिट किती, ते परत कधी, पट्टी मोडली तर खर्च कुणाचा, आणि पुढे तेच वाद्य विकत घेतले तर दिलेले भाडे किमतीतून वजा होणार का, हे कागदावर लिहून घ्या. एप्रिल-मे मात्र टाळा. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेच्या पुढेपर्यंत कार्यक्रमांचा हंगाम. वादकांची वाद्ये तेव्हा रोज रात्री बाहेर असतात. पावसाळा लागला की तीच घरी पडून असतात, आणि वस्तीतला एखादा ओळखीचा वादक जुना कीबोर्ड महिन्याच्या बोलीने द्यायला तयार होतो. सेकंडहँड घेताना सगळ्या पट्ट्या एकेक करून, काळ्यासुद्धा, दाबून पाहा. मंडपातल्या धुळीने मधल्या पट्ट्या आधी जातात.

घ्या अथवा न घ्या, एकदा मुलाला घेऊन सुट्टीच्या दिवशी धोबीतलावला जाऊन या. ठाकुर्लीला जलद गाडी थांबत नाही. डोंबिवलीला बदलून सीएसएमटीला उतरा आणि चालत जा. १८६५ पासूनचे फुर्ताडोसचे दुकान तिथे आहे. खऱ्या पियानोची पट्टी एकदा बोटाखाली दाबून बघू द्या. बघायला पैसे पडत नाहीत. याच धोबीतलावच्या परिसरात गोव्याहून नोकरी शोधत आलेल्यांच्या गावोगावच्या कुडी होत्या. त्यांत वादकही उतरत. गोव्यात चर्चच्या शाळांत साध्या घरच्या पोरांनाही स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसे तिथूनच मुंबईच्या सिनेसंगीतात आली. माजोर्डे गावचे गोन्साल्विस पुढे प्यारेलालजींचे गुरू झाले. गरिबाच्या पोराला घरात वाद्य नव्हते, पण गावाच्या चर्चमध्ये होते, ही त्यातली गोम आहे.

मग आपल्या विहारात का असू नये? पंचवीस घरांनी मिळून एक चांगला डिजिटल पियानो घेतला, तर एका घरावर पडणारा बोजा फार जड नाही. कोणी म्हणेल, विहारात गाणेबजावणे कसे चालेल? अष्टशील घेतलेल्या उपासक-उपासिकांनी त्या दिवशी ते वर्ज्य करावे हे खरे. पोर्णिमेचा दिवस सोडा. बाकीच्या दिवशी संध्याकाळी विहाराला कुलूप असते, ते कोणत्या शीलात बसते?

वस्तीने मिळून एका मुलीला कसे उभे करता येते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. १९३३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायॉन गावी एका काळ्या कुटुंबात युनिस वेमन नावाची मुलगी जन्मली. आई चर्चमध्ये प्रवचन करी आणि गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी. तिसऱ्या वर्षापासून पोरगी वाजवू लागली. आई जिथे कामाला जाई त्या बाईंनी शिकवणीचे पैसे भरले, शिकवणाऱ्या बाईंनी गावातून निधी जमवला. अकरा-बारा वर्षांची असताना तिचा कार्यक्रम झाला. आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. गोऱ्या पाहुण्यांसाठी त्यांना मागे उठवले. पोरीने पट्ट्यांवरचा हात काढला. आईबाप पुढे बसल्याशिवाय वाजवणार नाही, म्हणाली. त्यांना पुढे आणावे लागले.

पुढे १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेने तिला प्रवेश नाकारला. रंगामुळेच नाकारला, असे ती अखेरपर्यंत मानत राहिली. तिने बारमध्ये वाजवून पोट भरले, नाव बदलले आणि नीना सिमोन म्हणून जगभर गाजली. काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याची गाणी तिने गायली. त्याच कर्टिस संस्थेने २००३ साली तिला मानद पदवी दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी ती वारली.

सरावाचे एक सांगायचे राहिले. पोर वाद्य घेऊन बसले की आपण एकतर "तास झाला, ऊठ" म्हणतो किंवा "पैसे घातलेत, बस" म्हणतो. भिक्खू सोण यांची कथा आपण विहारात ऐकली असेल. चालत ध्यान करता करता त्यांनी पाय रक्तबंबाळ करून घेतले. गृहस्थ असताना ते वीणा वाजवीत. तेव्हा तथागतांनी त्यांना वीणेचीच आठवण दिली: तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरीही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला रोज वीस मिनिटे पुरेत, मात्र रोज. आठवड्याला एकदा दोन तास बसवून काही होत नाही.

चाळीतल्या त्या घरात शेवटी सहा महिन्यांच्या बोलीने एका वादकाचा जुना कीबोर्ड आला. शिलाई मशीनचे झाकण मिटले की तो त्यावर नेमका बसतो. खाली जुनी गोधडी घातली आहे, कारण हेडफोन लावला तरी पट्ट्यांची टकटक भिंतीतून शेजारी जाते. वेळ रात्री साडेआठ ते नऊ, आईची मशीन थांबल्यावर. आजी पहिले चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने नातीच्या कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, "एकटीच काय ऐकतेस?"

सहा महिने मार्चअखेर भरतील. डिजिटल पियानोसाठी आईच्या बचत गटात पैसे बाजूला पडू लागले आहेत. किती जमतात ते तेव्हा कळेल.