तगर : कापडाने कीर्ती मिळविलेले नगर

ग्रीस देशातील प्राचीन नगरांची नावे आपल्याला शाळेपासून पाठ असतात. अथेन्सचे देवालय, स्पार्टाचे योद्धे यांविषयी आपण कौतुकाने बोलतो. पण एका जुन्या ग्रीक पुस्तकात आपल्याच जिल्ह्यातील एका गावाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असते? ते गाव म्हणजे तेरणा नदीच्या काठचे तेर; प्राचीन काळचे तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव मागे राहिले नाही. पुस्तक मात्र राहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे त्यात सांगितले आहे. तगराहून खूपसे साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. पुढल्या शतकात टॉलेमीनेही तगराची नोंद केली.

हे तगर कोठले, यावर पुष्कळ वाद झाला. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. 1901 साली फ्लीट या विद्वानाने तेर हेच तगर, असे प्रतिपादन केले. तगर, तयर, तेर अशी नावाची झीज त्याने दाखविली. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे कित्येक शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. एवढी त्या नावाची प्रतिष्ठा होती.

आता तेरमध्ये पाहण्यासारखे काय आहे? येथे संगमरवर नाही. आहे ती वीट. त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे जाणकार मानतात. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचे. त्याची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे. संत गोरोबाकाकांचे मंदिर येथलेच. ज्या गावची ओळख विटा आणि खापरे, त्या गावचा संत कुंभार असावा, हे आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते.

1958 मध्ये आणि पुन्हा 1967-68 मध्ये येथे उत्खनने झाली. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या जुन्या वस्तू हौसेने जमविल्या. त्यांच्या संग्रहातून शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेथे मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती आहेत. तेथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष पाहावी. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती 1938 साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे त्याआधीच आपल्याकडची कारागिरी समुद्रापार पोहोचली होती!

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. इतिहास वाचताना मजुरीचा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. अथेन्सच्या एरेक्थिऑन या देवालयाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वी 408 च्या सुमाराचे ते हिशेब. नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर होते व त्यांना रोजी एक ड्राख्मा असा सारखाच दर होता, हे त्यांतून कळते. गुलामाचा पैसा बहुधा धन्याच्या पदरात पडे, ही गोष्ट वेगळी. पण निदान नोंद तरी आहे.

तगराच्या विणकऱ्याची अशी नोंद त्या ग्रीक पुस्तकात नाही. त्याला दिवसाला काय मिळे, गाडीवानाची वाटेत काय दशा होई, यावर त्या व्यापाऱ्याने एक ओळही खर्ची घातली नाही. परंतु त्याने तगराच्या राजाचाही उल्लेख केला नाही. उल्लेख केला तो कापडाचा. मुकुटापेक्षा मागाने हे नगर जगाला ठाऊक करून दिले.

म्हणून पांढरीच्या मातीत सापडणारे प्रत्येक खापर, प्रत्येक मणी हेच त्या कष्टकऱ्यांचे दप्तर होय. ती माती शेतात पसरली अथवा ती वस्तू बाजारात विकली, की त्या दप्तराचे एक पान कायमचे फाटते. तेर धाराशिवहून लांब नाही. मुलाबाळांना घेऊन एकदा तेथे जावे. राजांची नावे आठवली नाहीत तरी चालेल. विणणारे हात मात्र आठवावेत.