खाज, शिंका आणि गाजर गवत

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा बघू. पान गाजराचं, पण खाली गाजर नाही. फूल चांदणीसारखं, पण देवाला कुणी वाहत नाही. न पेरता उगवतं, न पाणी घालता वाढतं, आणि गाय-म्हैस सहसा त्याला तोंड लावत नाही. ओळखा पाहू!

खेड्यातल्या पोरांनी एव्हाना ओळखलंसुद्धा असेल. गाजर गवत! कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कारण त्याचे पांढरे तुरे लांबून पांढऱ्या टोप्यांसारखे दिसतात. कुणी चटक चांदणी म्हणतं. नाव मोठं गोड आहे, गवत मात्र गोड नाही. शास्त्रज्ञ त्याला पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणतात. पावसाळ्यात परभणीहून जिंतूरला जा, पाथरीला जा, नाहीतर गंगाखेडला जा. एसटीच्या खिडकीतून रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठाला, पडीक रानात हेच दिसेल. काही शाळांच्या मैदानाच्या कडेलाही दिसेल.

या गवताची गोष्ट सांगायचं कारण एका आईचा प्रश्न. पालक सभेत त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या पोराला लहानपणी कोपराच्या खोबणीत इसब होतं. ते जरा बसलं, तर आता श्रावण-भादव्यात शिंका अन् डोळ्याला पाणी. हे दोन आजार हायेत का एकच?"

प्रश्न इतका चांगला होता, की मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो शंभर वर्षं पुरला आहे.

चार्ल्स ब्लॅकली नावाचा एक डॉक्टर इंग्लंडमध्ये मँचेस्टरला राहत होता. त्याला स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास व्हायचा. लोक म्हणायचे, उन्हामुळं होतं, धुळीमुळं होतं. त्यानं काय केलं असेल? आपल्याच हातावर बारीक ओरखडा काढला आणि त्यावर गवताच्या फुलातले परागकण ओले करून लावले. थोड्याच वेळात ती जागा खाजून सुजली. मग त्यानं चिकट काचा पतंगाला बांधून आकाशात उंच सोडल्या आणि वर हवेतही परागकण असतात हे दाखवून दिलं. १८७३ साली त्यानं हे सगळं पुस्तकात छापलं. आता गंमत बघा. आजार नाकाचा, पण त्याचा चोर पकडला कातडीनं! म्हणजे नाक आणि कातडी यांचं काहीतरी नातं आहे, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढं १९२३ साली अमेरिकेत कोका आणि कुक या दोघांनी अशा माणसांसाठी एक शब्द काढला, 'अ‍ॅटोपी'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा सोडून असलेलं, भलतंच. काही घराण्यांत आजोबांना दमा, आत्याला शिंका, नातवाला इसब असं चालत येतं. शरीर साध्यासुध्या गोष्टीवर भलतंच चिडतं, म्हणून हे नाव. या इसबाला डॉक्टर 'अ‍ॅटोपिक डर्मटायटिस' म्हणतात.

शरीर का चिडतं? त्यासाठी आपल्याकडच्या माळवदाच्या घराकडं बघा. पांढऱ्या मातीच्या भिंतीला गिलावा चांगला असला, की पाऊस बाहेर राहतो. गिलावा उडाला, की भेगा पडतात. भेगांतून आतली ओल निघून जाते आणि बाहेरचे किडे-मुंग्या आत शिरतात. आपली कातडीसुद्धा अशीच भिंत आहे. तिच्या गिलाव्यात फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. ज्यांच्या शरीराला ते नीट बनवता येत नाही त्यांना इसब जास्त होतं, असं २००६ साली स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या शास्त्रज्ञांना आढळलं. इसब असलेल्या सगळ्यांतच हा दोष असतो असं नाही, बरं का. पण भिंतीचं महत्त्व तेव्हापासून सगळ्यांना पटलं.

आता भेगेतून एखादा परागकण आत गेला समजा. आत आपले जागल्ये बसलेलेच असतात. शेतात रात्री राखण करणारा जागल्या रानडुकरासाठी असतो. पण अंधारात सशाचीही चाहूल लागली आणि त्यानं डुक्करच समजून आरोळी ठोकली तर? सगळा गाव काठ्या घेऊन धावतो आणि त्या धावपळीत उभं पीक तुडवलं जातं. नुकसान सशानं नाही, गावानंच केलं! शरीरात ही आरोळी ठोकणाऱ्या पदार्थाचं नाव आयजीई. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी जोडपं आणि स्वीडनमधले शास्त्रज्ञ यांनी तो वेगवेगळा शोधून काढला. एकदा कातडीतून ओळख पटली, की आयजीई रक्तातून सगळीकडं फिरतो. मग तोच परागकण नाकात गेला तरी आरोळी, डोळ्यात गेला तरी आरोळी.

म्हणून काही मुलांत आधी इसब, मग एखाद्या अन्नाची अ‍ॅलर्जी, मग दमा किंवा शिंका, अशी रांग लागते. काही मुलांत, सगळ्या नाही. पुष्कळांचं इसब वय वाढेल तसं कमी होतं आणि पुढं काहीच होत नाही. तेव्हा त्या आईंना उत्तर असं, की आजार दोन दिसतात, पण ते भावंडं असू शकतात.

आणि परागकण नुसते शिंकाच आणतात असं नाही. २०१५ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला. इसब आणि गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या वीस जणांना त्यांनी एका खास खोलीत दोन दिवस रोज चार तास बसवलं. काहींच्या खोलीत गवताचे परागकण सोडले, काहींच्या खोलीत नुसती स्वच्छ हवा. परागकण सोडलेल्या खोलीतल्यांचं इसब वाढलं, आणि वाढलं ते मुख्यतः कपड्याबाहेरच्या उघड्या अंगावर. म्हणजे खाज आणि शिंका यांचा रस्ता दोन्हीकडून वाहता आहे.

हे झालं परदेशातल्या गवतांचं. आपल्या रानात परागकणांचं कोठार कोणतं? तेच, कोड्यातलं. त्याच्या एका झाडावर सरासरी ६० कोटींहून जास्त परागकण येतात, असं बंगळूरच्या संशोधकांनी मोजलं आहे. अंगणात दहा झाडं असतील तर गुणाकार तुम्हीच करा.

गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ साली पुण्यात ते वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांच्या नजरेस पडलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्याची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सांगतात. एक झाड हजारो बिया टाकतं आणि बी इतकं बारीक, की वाऱ्यानं, पाण्यानं, बैलगाडीच्या चाकाला चिकटून कुठंही जातं. पुण्याहून ते बघता बघता देशभर गेलं.

पाठोपाठ पुण्यातल्या दवाखान्यांत एक नवाच त्वचारोग येऊ लागला. चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण लाल होऊन जाड पडायची. खाज तर विचारूच नका! पुण्याच्या डॉ. लोणकरांनी १९६८ मध्ये या गवतानं झालेल्या त्वचारोगाची नोंद केली. १९७४ मध्ये त्यांनी परदेशी डॉक्टरांच्या सोबत या रोगावर सविस्तर लिहिलं आणि दोन वर्षांनी त्यातल्या खाज आणणाऱ्या द्रव्यावरचं संशोधनही प्रसिद्ध झालं. हे द्रव्य म्हणजे पार्थेनिन. ते पानाफुलांवरच्या बारीक लवेत असतं. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यानं उडाला तरी ते उघड्या अंगावर येऊन बसतं. म्हणून झाडाला कधी हात न लावणाऱ्यालाही हा रोग होतो.

इथं एक बारीक गोष्ट नीट समजून घ्या, मोठेही इथं गोंधळतात. परागकणांनी शिंका येतात त्या लगेच, पाच-दहा मिनिटांत. ते काम आयजीईचं. पार्थेनिननं कातडी उठते ती एक-दोन दिवसांनी. ते काम वेगळ्या पेशींचं, त्या सावकाश जाग्या होतात. म्हणून डॉक्टरही तपासण्या दोन करतात. शिंकांसाठी हातावर टोचून पंधरा-वीस मिनिटांत बघतात, आणि कातडीसाठी पाठीवर पट्टी चिकटवून दोन दिवसांनी काढतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९१ मध्ये पाहिलं, तर नाकाच्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांची या परागांची टोचून केलेली तपासणी सकारात्मक आली. आणि कोइंबतूरच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवलं, की गवतानं कातडी उठलेल्या काही रुग्णांत लगेच येणारी आणि सावकाश येणारी, दोन्ही प्रकारची अ‍ॅलर्जी एकत्र नांदते.

गवतानं कातडी उठण्याचा रोग जास्त करून शेतात वर्षानुवर्षं राबणाऱ्या मोठ्या माणसांना होतो. लहान मुलांना कमी, पण होतो. ज्यांच्या भिंतीचा गिलावा आधीच उडालेला आहे त्यांनी तर जपायलाच हवं. आणि म्हणूनच मला एका गोष्टीचा राग येतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. हेतू चांगला. पण त्या आठवड्यात श्रमदान म्हणून चौथी-पाचवीची पोरं उघड्या हातानं, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता फुलावर आलेलं गवत उपटताना दिसतात. फुलावर आलेलं झाड हलवलं, की पराग उडालेच म्हणून समजा! उपटायचं तर फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, आणि ते मोठ्यांनी. इसब, दमा किंवा शिंका असलेल्या मुलाला त्या दिवशी पाणी वाटायला ठेवा, फलक लिहायला बसवा. उपटलेल्या ढिगाला काडी लावू नका. फुलाआधीच्या झाडांचं कंपोस्ट होतं.

या गवताला खाणारा एक शूर भुंगा आहे, त्याला विसरून चालणार नाही. झायगोग्रामा असं त्याचं नाव, राहणारा मेक्सिकोचा, म्हणून आपण त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतो. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेनं १९८३ मध्ये तो आणला. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानंही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले आहेत. पांढुरक्या पाठीवर गडद रेघा, आकार ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो आणि त्याच्या अळ्या गवताची पानं फस्त करतात. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून आरडाओरडा झाला होता, पण तपासणीत पिकाला धोका आढळला नाही. एकच अडचण. थंडी आली की स्वारी जमिनीत जाऊन झोपते, आणि गवत मात्र ओल मिळाली की बारा महिने जागं असतं. मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेकलं, तर तरोटा दाट वाढून गाजर गवताला दाबतो, हाही एक उपाय आहे. वर तरोट्याची भाजी मिळते ती वेगळीच!

आता पालकांशी दोन शब्द. इसब स्पर्शानं पसरत नाही. खरूज पसरते, नायटा पसरतो, इसब नाही. वर्गात अशा मुलाच्या शेजारी कुणी बसत नाही, डब्यातलं घेत नाही, खो-खोत त्याला खो द्यायला पोरं बिचकतात. नखांनी खाजवल्याच्या दुखण्यापेक्षा हे दुखणं मोठं असतं. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

त्या मुलाला कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ घाला आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टर सांगतील ते साधं मलम भरपूर लावा. हा झाला गिलावा. जन्मापासून रोज मलम चोपडलं तर इसब होणारच नाही, अशी आशा शास्त्रज्ञांना होती. इंग्लंडमध्ये सुमारे १,४०० बाळांवर वर्षभर तसं करून पाहिलं, पण २०२० मध्ये निकाल आला तो निराशेचा, इसब काही टळलं नाही. झालेलं इसब आवरायला मात्र मलम हवंच. औषध दुकानातून नायट्याची म्हणून मिळणारी ट्यूब मनानं लावू नका. पुष्कळ ट्यूबांत जोरदार स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड वाईट नाही, पण कोणतं, किती दिवस, कुठं लावायचं हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील.

दवाखान्यात जाण्याआधी मुलांनी एक काम करावं. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर चार रकाने आखा. तारीख, खाज किती, शून्य ते दहा, शिंका आल्या का, आणि त्या दिवशी कुठं होतो, आसपास काय फुललं होतं. रोज रात्री एक ओळ. सूर्यफूल, शेवंती, गाजर गवत ही एकाच कुळातली आहेत, म्हणून फुलाचं नावही लिहा. शेजारच्या शेतात मळणी असेल तर तेही लिहा. जूनमध्ये वही सुरू केली, तर दिवाळीपर्यंत डॉक्टरांच्या हातात अशी माहिती पडेल, जी सुईच्या तपासणीतूनही मिळत नाही.